दादाने आणलेली गाळणी

मोटारीला आमच्या घरात सगळे 'ती' म्हणत. ती आली का, ती निघाली का, आज तिचं काय बिनसलंय. शेजारी नव्याने राहायला आलेल्या काकूंना पुष्कळ दिवस वाटत होतं, की आमच्याकडे कुणी आजारी नणंद असते आणि ती माणसांत येत नाही. शेवटी त्यांनी आईला हळूच विचारलं, तेव्हा आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. आईचं तसं हसणं मला अजून ऐकू येतं. त्या शिमग्यानंतर मात्र ते आमच्या घरातून गेलं ते गेलंच.

महाडात तेव्हा मोटारी अगदी मोजक्या होत्या आणि त्यांतली एक आमची. कॅनव्हासच्या टपाची, दोन्ही अंगांना पायऱ्या असलेली, मूळ रंग कोणता होता ते बाबांनाही सांगता आलं नसतं. मुंबईची माणसं बोटीने बाणकोटला यायची, तिथून लहान लाँचने दासगावला. त्यांना बंदरावरून घेऊन महाडला यायचं आणि पुढे पोलादपूरला सोडायचं, हा बाबांचा धंदा. महाबळेश्वरला जाणारं कुणी भेटलं तर पोलादपूरच्या पुढचा घाटसुद्धा चढायचा. बाबा माणसं किती घेत ते विचारू नका. मडगार्डवर बसून आलेला माणूसही त्यांच्या लेखी गाडीतच बसलेला असे. गावात त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठपणाचं घरात काही नव्हतं, पण ते म्हणवून घ्यायला त्यांना आवडायचं, आणि आवडू दे की, त्यात कुणाचं काय जात होतं!

रस्ता मातीचा. दिवाळी सरली की त्याची तांबडी पूड होई आणि संध्याकाळी बाबा घरी येत ते भुवयांसकट तांबडे होऊन. माणसाचं एक वेळ चालतं, अंघोळ केली की झालं. पण इंजिन एका नळीतून हवा आत ओढतं आणि हवेबरोबर ही धूळ पोटात जाते, मग ते खोकतं, अडतं, कधी बंदच पडतं. यावर उपाय काढला तो आईने. दळण चाळताना आपण नाकाला पदर लावतो, तसं तिलाही काहीतरी लावा की, असं ती म्हणाली आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा फाडून तिने त्या नळीच्या तोंडाला बांधला. तेव्हापासून तो रिवाजच पडला. सकाळी देवपूजा झाली की आई तबक घेऊन अंगणात येई. बाबा बॉनेट उघडून बाजूला उभे राहत. आई पुढच्या जाळीवर जास्वंदीचं फूल खोची, कुंकू लावी आणि मग ते कापड बांधून वरून सुतळीची गाठ मारी. संध्याकाळी ती आली की कापड सोडायचं, धुवायचं, मागच्या दोरीवर वाळत घालायचं, हेही आईचंच. बाबांनी त्याला कधी हात लावला नाही. आई बाहेरची बसली की तेवढे दिवस ते काम धोंडूकडे जाई. हा वरंधचा गडी, गाडीबरोबर क्लीनर म्हणून असायचा. विटाळशीने देवाला शिवायचं नाही तसं गाडीलाही नाही, असा आमच्याकडे नेम होता. आज माझ्या सुना हे ऐकून तोंडाला पदर लावतात. लावोत. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण मोटार ही आमची लक्ष्मी होती.

दादा माझ्याहून बराच मोठा. आमच्या दोघांच्या मधली भावंडं जगली नाहीत, त्यामुळे आईचा सगळा जीव त्याच्यात. माझ्यातही होता, पण मुलीत जीव गुंतवायचा तो बेतानेच, अशी तेव्हाची रीत. दादा इथली शाळा संपवून मुंबईला मोटारीच्या एका कारखान्यात काम शिकायला गेला होता. त्या वर्षी तो शिमग्याला आला तो लाकडी खोकं खांद्यावर घेऊनच. आईला वाटलं पेढे असतील. खोक्यात निघाले नवे प्लग, ठिणगीच्या यंत्रात बसवायचे नवे पॉइंट, आणि हंडीच्या आकाराचा एक पत्र्याचा डबा, आत बारीक तारेची जाळी आणि तळाशी तेल घालायला जागा.

"हे एअर क्लीनर," दादा म्हणाला. "हवेतली धूळ तेलात बसते आणि स्वच्छ हवा आत जाते. मुंबईत आता सगळ्या नव्या गाड्यांना असतं."

"म्हणजे गाळणीच ना?" आई म्हणाली.

"गाळणीच. आई, आता तुझी सुटका. कापड बांधायला नको नि धुवायला नको."

आई हसली, पण मी तिच्याजवळच बसले होते. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसल्यासारखं झालं. घरात तिचं काम थोडं का होतं? पण त्या मोटारीत तिचा म्हणावा असा तेवढाच तुकडा होता.

त्या दिवशी पुरणपोळ्या होऊन गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, सोड्यांचं कालवण, वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या. बाहेर खालू बाजा वाजत होता. बाबा आणि दादा शेजारी शेजारी जेवायला बसले होते आणि त्या जेवणातच सगळं ठरलं. बाबांचं म्हणणं एकच, ती चालतेय ना? मग तिच्या पोटात हात कशाला घालायचा? दादा म्हणाला, चालतेय, पण कशी चालतेय ते तिलाच ठाऊक. ठिणगी दुबळी झालीय, घाटात ती दम टाकते ते त्याचमुळे, आणि धूळ अशीच जात राहिली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत इंजिन खलास होईल. बाबांनी भाकरीचा घास तसाच हातात धरला.

"तू मुंबईत शिकलास कबूल. मी या रस्त्यावर शिकलो."

"म्हणून तर म्हणतो, दोघं मिळून करू. मला परत जायचं नाहीये, बाबा. तिथे रोज दुसऱ्याच्या गाड्यांखाली पाठीवर पडून दिवस काढायचे, ते इथे आपल्या गाडीखाली पडीन की."

आई वाढता वाढता थांबली. हे तो तिच्याशी आधी बोलला नव्हता.  बाबा हातातला घास संपवून पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "ठीक. बसव तुझं सामान. उद्या मी पोलादपूरची भाडी घेऊन घाटाच्या पहिल्या वळणांपर्यंत जाऊन येतो. चढली झोकात, तर तू इथेच राहा, गाडी तुझ्या हातात दिली. नाही चढली, तर तू तुझ्या मुंबईला आणि मी माझ्या रस्त्यावर. मग पुन्हा हा विषय नको."

ते ऐकून आईने दादाच्या पानात आणखी एक भाकरी टाकली. तो नको नको म्हणत होता, तरी टाकली.

दुपारभर दादा गाडीत डोकं घालून होता. मी शेजारी उभी राहून त्याला नुसती त्रास देत होते. तो गाणं गुणगुणत होता, मधेच काळ्या बोटाने माझ्या नाकाला टिळा लावत होता. डबा बसवायला त्याने नळीचं जुनं तोंड कापलं. काम झाल्यावर हँडल मारलं तर ती पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि आवाज असा लागला की ओसरीवरचे बाबासुद्धा मान वळवून बघायला लागले. 

सकाळी दादा कपडे करून तयार. बाबा म्हणाले, "तू घरी थांब. तू बरोबर असलास की ती तुझं ऐकेल. मला माझं ऐकणारी पाहिजे." दादाचं तोंड उतरलं, पण बाबांची अट मानली होती म्हणून तो परसात निघून गेला. आई तबक घेऊन आली. बाबांनी बॉनेट उघडलं. आईने फूल खोचलं, कुंकू लावलं. आणि मग, रोजच्याप्रमाणे, कापड बांधलं. त्या नव्या डब्याला जिथून हवा आत शिरते, तिथेच भोवती. त्या दिवशी तिने ते दुहेरी केलं आणि ओलंही केलं, कारण मुलाची वस्तू नवी, तिला धूळ लागू नये, कुणाची दृष्ट लागू नये. आजचा एक दिवस माझ्या हातचं असू दे, असं ती मनात म्हणाली होती, हे तिने मला पुढे सांगितलं. बाबांनी ते पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, रोजच पाहत होते. कपाळावरचं कुंकू कुणी निरखून बघतं का? त्यांनी बॉनेट लावलं आणि गेले.

परत आले ते दिवस कलल्यावर. ती ठसकत, काळा धूर सोडत अंगणात शिरली आणि बंद पडली. बाबा खाली उतरले, कुणाशी बोलले नाहीत, सरळ मोरीवर गेले. काय झालं ते धोंडूने सांगितलं.

"पोलादपूरपर्यंत कशीबशी नेली, वयनी. पुढं चढ लागला न् जी बसली ती उठायलाच तयार नाय. समद्यांना उतरवलान्, ढकलायला लावलान्. मुंबयवालं हसत व्हतं. एक जण बोलला, शेठ, तुमच्या गाडीला डायवरची नाय, बैलाची गरज हाय."

बाबांना काहीही म्हणा, चार माणसांत हसू झालेलं त्यांना सोसायचं नाही. तोंड धुऊन ते आले, पान्याने एक प्लग काढला आणि ओसरीवर नेऊन दादासमोर धरला. काल चांदीसारखा होता, आज तव्याच्या बुडासारखा.

"हे तुझं मुंबईचं शिक्षण."

दादाने प्लग हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "बाबा, एवढी काजळी म्हणजे हवा कमी पडतेय. पेट्रोल पुरतंय, हवा पुरत नाहीये. कुठेतरी अडतेय. मला उद्या बरोबर न्या, चालत्या गाडीत बघू द्या."

"हवा कमी पडतेय! सह्याद्रीत हवा कमी पडतेय! मग आता हवा पण मुंबईहून मागवू का?"

"निदान इथे चालू करून बघू द्या."

"बघायचं काय राहिलंय? गावाने बघितलं."

बाबांनी गाडीचं हँडल उचललं आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवलं. आणि तेवढ्यात, या दोघांचं हे चाललेलं असताना, आई नेहमीसारखी गाडीजवळ गेली, कापड सोडलं, मागे नेऊन धुतलं आणि वाळत घातलं. तिचे डोळे भरून वाहत होते आणि हात आपलं रोजचं काम करत होते. सकाळी दादाने बॉनेट उघडून पाहिलं तेव्हा डब्यावर काहीच नव्हतं. कापड बांधू नको हे त्याने सांगितलेलंच होतं, त्यामुळे ते त्याच्या मनातही आलं नाही. डबा साफ, जाळी साफ, तेल जिथल्या तिथे. तो कितीतरी वेळ तसाच वाकून उभा होता. सरळ झाला तेव्हा त्याचा स्वतःवरचाच विश्वास गेला होता, हे मला त्या वयातही कळलं. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं, आणि आज जास्त वाटतं.

पुढच्याच लाँचने तो गेला. आईने बरोबर तांदळाचं पीठ, सोडे, वाल असं काय काय बांधून दिलं. बाबांनीच दासगावला सोडलं. बाबांनी नवे प्लग आणि पॉइंट काढून जुने घातले. डबा मात्र राहिला, कारण नळीचं तोंड कापलेलं होतं आणि डबा काढला तर ते उघडंच पडलं असतं. आई रोज त्यावर कापड बांधत राहिली. मोटार रोज ठसकत राहिली, आणि बाबा रोज म्हणत राहिले, काय करून ठेवलंय या पोराने.

वैशाखात आई बाहेरची बसली होती आणि धोंडू भावाच्या लग्नाला वरंधला गेला होता. बाबा एकटेच गाडी घेऊन गेले आणि उन्हं उतरायच्या आत परत आले, ते शीळ घालत. आई मागल्या दाराच्या पडवीत घोंगडीवर बसली होती. बाबा तिला ऐकू जाईल असे उभे राहून म्हणाले, "आज काय झालं कुणास ठाऊक. घाट असा चढली, अगं, जणू सपाटीवर चाललीय. पुरी भरलेली, तरी एकदा कुरकुरली नाही."

आई म्हणाली, "आज कापड कोणी बांधलं?"

"कापड? धोंडू कुठाय? कोणीच नाही."

मी तांदूळ निवडत होते. मी वर पाहिलं. तिने दोन्ही हात जमिनीला टेकले होते.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी मी बांधलं होतं. दुहेरी. ओलं करून. आत त्याची जाळी, वर माझं कापड. तो सांगत होता ना, हवा कुठेतरी अडतेय म्हणून."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते तसेच बाहेर गेले. कापड दोरीवर होतं. त्यांनी ते स्वतःच्या हाताने त्या डब्याला गुंडाळलं, हँडल मारलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली. थोड्या वेळाने दुरून तो ठसका ऐकू आला, मग बंद पडल्याचा आवाज, मग पुन्हा सुरू झाल्याचा, आणि या खेपेला ती स्वच्छ, मोकळ्या आवाजात परत आली. बाबा रात्री जेवले नाहीत. आई तर त्या दिवसांत वेगळीच जेवायची, तिने काय खाल्लं मला माहीत नाही.

आई न्हाऊन घरात आली तशी म्हणाली, "चला, त्याला घेऊन येऊ. पावसाने बोटी बंद व्हायच्या आत जाऊ." बाबा म्हणाले, "तू जा. पोरीला घेऊन जा." आई म्हणाली, "तुम्ही चला हो. चूक माझी आहे, ती मी सांगीन. तुम्ही नुसते उभे राहा." बाबांनी मान हलवली. "माझ्याच्यानं नाही व्हायचं," एवढंच म्हणाले. मी त्यांच्यावर त्या दिवशी रागावले आणि पुढे कितीतरी वर्षं रागावलेलीच होते. आता मीच त्यांच्याहून म्हातारी झालेय. काही माणसांना वाकताच येत नाही, पाठीत काहीतरी ताठ बसलेलं असतं. मोडतील, पण वाकायचं म्हटलं की नाही. राग गेला माझा. दुःख तेवढं जात नाही.

आईने तोवर महाडच्या बाहेर माहेराखेरीज पाऊल टाकलं नव्हतं. मामा मुंबईला माल आणायला जायचे होते, त्यांच्याबरोबर आम्ही गेलो. बोटीत ती सबंध वाट ओकत होती आणि मधेच मला विचारत होती, "येईल ना गं?" दादाची खोली लालबागेत, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडून त्याने आईला पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं झालं, आलाच हा. मग त्याने आमच्या मागे, जिन्याकडे पाहिलं.

"बाबा?"

"ते गाडी सोडून कसे येणार रे," आई म्हणाली. तिला खोटं कधी जमलं नाही.

तिने त्याला सगळं सांगितलं. कापड, दुहेरी केलेलं, ओलं केलेलं, सगळं. तो ऐकत होता. ऐकता ऐकता हसला, "म्हणजे हवाच," म्हणाला, आणि मग तोंडावर हात घेऊन रडायला लागला. आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. एवढा मोठा बाप्या, मामांसमोर.

"माझ्या हातानं झालं रे बाळा. चल तू घरी."

"आई, कापडाचं मला काही नाही," तो म्हणाला. "तू रोज बांधायचीस, त्या दिवशीही बांधलंस. पण मी एकच मागत होतो, की मला बघू द्या. बघू दिलं असतं तर मला ते दिसलं असतं, आणि आपण सगळे हसलो असतो." मग डोळे पुसून म्हणाला, "मी आफ्रिकेचा करार केलाय. तिथे मोटारीच्या कारखान्यात काम आहे. परवा बोट आहे."

"मोड की करार."

"बाबा आले असते ना, तर मोडला असता."

  त्याने खाली जाऊन आमच्यासाठी भजी आणली. ती कुणी खाल्ली नाहीत.

दादा पुन्हा आला नाही. तिकडेच त्याने संसार केला, तिकडेच गेला. आई गेली तेव्हा त्याला कळवलं, पण तेव्हा लढाई सुरू होती आणि बोटींचा भरवसा नव्हता.

त्या खेपेला मुंबईहून परत येऊन आम्ही दासगावला उतरलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि खलाशी घाई करत होते. बाबा बंदरावर उभे होते. धुतलेलं धोतर, नवी टोपी. मोटार धुऊन पुसून उभी केलेली, आणि ड्रायव्हरच्या बाजूची जागा मोकळी ठेवून तिच्यावर सतरंजीची घडी घातलेली. आई फळीवरून उतरली, मी उतरले, मामा उतरले. बाबा लाँचकडेच बघत राहिले, खलाशांनी फळी ओढून घेतली तरी. मग त्यांनी हँडल मारलं.

पहिल्याच झटक्यात सुरू झाली. आवाज ओळखीचा होता, धुळवडीच्या दुपारी अंगणात ऐकलेला. आम्ही नव्हतो तेवढ्यात बाबांनी दादाचे सगळे प्लग घासूनपुसून पुन्हा बसवले होते, पॉइंट बसवले होते, गाळणीत नवं तेल घातलं होतं, त्याला दाखवायला म्हणून. आई आणि मी मागे बसलो. मामाही बिचारे मागेच दाटीने बसले, पुढच्या जागेवर बसायचं त्यांच्या मनात आलं नाही. दासगावपासून महाडपर्यंत ती एकदाही अडखळली नाही, चढावरही नाही, उतारावरही नाही. इतकी सुरेख ती जन्मात कधी चालली नव्हती, आणि मागे बसून मी सबंध वाट देवाला म्हणत होते, की आता तरी बंद पाड हिला.